रंगाविना विकलेली गाडी

धानाची मळणी आटोपली, ढोल्या भरल्या, की आमच्या भंडारा जिल्ह्याला दोन गोष्टींचे वेध लागतात. एक मंडई आणि दुसरा शंकरपट. पवनी तालुक्यात आसगावच्या बाजूला जा, नाहीतर साकोली-लाखांदूरकडे जा. जिथे पट भरतो तिथे घरोघर पाहुणे उतरतात, दिवसा बैलजोड्या धावतात आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक उभे राहते. पटाला गेलेला माणूस बैल पाहतो, धुरकऱ्याची हिंमत पाहतो, सेकंदांचा आकडा कान देऊन ऐकतो. बैलांच्या मागच्या छकड्याकडे मात्र सहसा कुणी बघत नाही.

आज जरा त्या छकड्याकडेच बघा. आपली घरची बंडी भारी असते, कारण तिला धानाची पोती, तणीस, शेणखत वाहायचे असते. रेंगी हलकी असते, पण तिच्यातून घरची माणसे न्यायची असतात, तेव्हा बसण्याची सोय तिला ठेवावीच लागते. पटाच्या छकड्याला यातले एकही काम नाही. त्याने ओझे वाहायचे नाही, कुणाला बाजाराला न्यायचे नाही. धुरकऱ्याला तोलून धरायचे आणि बैलांना जड व्हायचे नाही, एवढाच त्याचा धर्म. म्हणून सुतार त्याचे लाकूड तासून तासून हलके करतो. जे नसले तरी चालेल ते ठेवीतच नाही. एकाच कामासाठी जन्माला आलेली वस्तू अशी असते.

अशाच एका वस्तूची हकिकत तुम्हांला सांगायची आहे. ती लाकडाची नाही, लोखंडाची आहे. तिला बैल नाहीत, आठ सिलिंडरांचे इंजिन आहे. आणि ती घडली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, १९६८ साली. तिचे नाव डॉज डार्ट. शर्यतीच्या मंडळींत ती ‘हेमी डार्ट’ म्हणून ओळखली जाते. तुम्ही म्हणाल, इतक्या दूरच्या गाडीशी आपले काय देणेघेणे? थोडा धीर धरा. देणेघेणे आहे, आणि ते शेवटी आपल्याच दारात येऊन उभे राहते.

डॉज हे नाव तसे आपल्याला परके नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला, आणि १९४७ साली मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली मोटार बाहेर पडली. डॉज, प्लिमथ, डिसोटो, फार्गो ही सगळी क्रायस्लरच्या घराण्यातली नावे. ती महाराष्ट्राच्या रस्त्यांवर मोटारींच्या आणि ट्रकांच्या रूपाने कितीतरी वर्षे धावली. त्यामुळे डॉज म्हटले की आपल्याकडच्या जुन्या माणसांना एखादी भक्कम, बिनतक्रार राबणारी गाडी आठवते. अमेरिकेतली साधी डार्टही तशीच होती. मध्यम ऐपतीच्या कुटुंबाने घ्यावी, मुलांना शाळेत सोडावे, बाजारहाट करावा, अशी ती गाडी. १९६८ च्या साध्या डार्टचे सर्वांत लहान इंजिन सहा सिलिंडरांचे, २.८ लिटरचे, ११५ अश्वशक्तीचे होते. मग या गरीब गाईच्या अंगात असे काय संचारले, की ती शर्यतीत उतरली?

त्यासाठी थोडे मागे जायला हवे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींच्या शर्यतींना भर आला. त्यांतल्या बऱ्याच शर्यतींचा नियम असा, की गाडी ‘स्टॉक’ पाहिजे. म्हणजे दुकानात जी मिळते तीच पाहिजे. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पैसेवाल्याने खास गाडी बांधून आणावी आणि साध्या माणसाने तोंड बघत बसावे, असे होऊ नये. १९५५ साली क्रायस्लरची ३०० अश्वशक्तीची गाडी ‘नासकार’च्या शर्यतींत अजिंक्य ठरली आणि कारखानदारांच्या ध्यानात आले, की रविवारी जी गाडी जिंकते तिची चौकशी करायला सोमवारी गिऱ्हाईक दुकानात येते. शर्यत म्हणजे फुकटची जाहिरात, नव्हे, जाहिरातीहून वरचढ. कारण जाहिरातीवर कुणी विश्वास ठेवतो, कुणी ठेवीत नाही, पण डोळ्यांदेखत पुढे गेलेली गाडी नाकारायची कशी?

याच १९५५ च्या जून महिन्यात फ्रान्समध्ये ल मां येथे शर्यतीची एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली. शर्यतीच्या वेडाविरुद्ध जगभर ओरड झाली. दोन वर्षांनी, १९५७ साली, अमेरिकेतल्या मोटार कारखानदारांच्या संघाने आपसांत ठरविले, की यापुढे कारखान्यांनी शर्यतीत पडायचे नाही. ठराव झाला, आणि ठरावांचे जे होते तेच त्याचेही झाले. पुढच्या दाराने बंद झालेले काम मागच्या दाराने सुरू राहिले. जनरल मोटर्सने १९६३ च्या जानेवारीत पुन्हा एकदा आपल्या शाखांना शर्यतबंदीचा हुकूम दिला, तोवर त्यांच्याच पाँटिॲक शाखेने कॅटॅलिना नावाच्या १४ गाड्या अशा बनवून ठेवल्या होत्या, की वजन घटविण्यासाठी त्यांच्या सांगाड्याला चाळणीसारखी भोके पाडलेली होती! फोर्डने १९६४ साली आपल्या फेअरलेन या घरगुती गाडीत ७ लिटरचे इंजिन घातले, अंगावरचे पत्रे जिथे जमेल तिथे फायबरग्लासचे केले, पुढच्या चार दिव्यांपैकी आतले दोन काढून त्या भोकांतून इंजिनाला हवा नेली, आणि अशा सुमारे १०० गाड्या ‘थंडरबोल्ट’ या नावाने विकल्या.

१०० च का? तर नियम. गाडी ‘दुकानातली’ ठरायची तर ती ठराविक संख्येने बनवून विकलेली असली पाहिजे. म्हणजे कागदोपत्री बाजारातली, पण प्रत्यक्षात शर्यतीची. नियमाला लागेल तेवढीच संख्या कारखाना बनवायचा. या गाड्या आज इतक्या दुर्मिळ का, याचे उत्तर इथेच सापडते. त्या कालांतराने दुर्मिळ झाल्या असे नाही. त्या जन्मतःच मोजक्या होत्या.

त्याच १९६४ साली पाँटिॲकने जीटीओ नावाची गाडी आणली आणि मध्यम बांध्याच्या गाडीत मोठे इंजिन घालण्याची लाट सर्वसामान्य तरुणांपर्यंत पोचली. या गाड्यांना पुढे ‘मसल कार’ हे नाव पडले. मसल म्हणजे स्नायू. पिळदार अंगाच्या पहिलवान गाड्या म्हणा ना! पण यांतल्या बहुतेक पहिलवानांनी आखाड्याचे तोंडही पाहिले नाही. ते गावातून मिरवीत राहिले. खास कुस्तीसाठी तयार केलेले होते ते थोडेच. हेमी डार्ट त्या थोड्यांपैकी.

आता ‘हेमी’ म्हणजे काय ते सांगतो. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण जिथे पेटते ती इंजिनातली जागा वाटी पालथी घालावी तशी अर्धगोल केलेली असते. अर्धगोलाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचे हे लाडके रूप. या आकारामुळे झडपा मोठ्या बसवता येतात आणि इंजिनाला मोकळा श्वास मिळतो. क्रायस्लरचे हे ४२६ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ७ लिटरचे इंजिन १९६४ च्या फेब्रुवारीत डेटोनाच्या ५०० मैलांच्या शर्यतीत उतरले. पहिले तिन्ही क्रमांक त्याच इंजिनाच्या प्लिमथ गाड्यांनी घेतले; पहिला आला रिचर्ड पेटी. प्रतिपक्षाने तक्रार केली, की हे इंजिन दुकानात कुठे मिळते? तेव्हा ते दुकानात आणणे क्रायस्लरला भाग पडले, आणि १९६६ पासून ते सामान्य गिऱ्हाइकालाही मिळू लागले.

दुसरीकडे आणखी एक प्रकारची शर्यत लोकप्रिय होती. पाव मैलाचा, म्हणजे ४०२ मीटरचा सरळ पट्टा. शेजारी शेजारी दोन गाड्या उभ्या. दिवा लागला की सुटायचे, आणि दहा-बारा सेकंदांत निकाल. ना वळण, ना डावपेच. आमच्या शंकरपटाची आठवण येते की नाही? या शर्यतीचे नियमन १९५१ साली स्थापन झालेली ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था करीत असे, आजही करते. तिच्या ‘सुपर स्टॉक’ वर्गासाठी क्रायस्लरने १९६८ साली सर्वांत हलकी गाडी आणि सर्वांत दांडगे इंजिन यांची गाठ मारायचे ठरविले. हलक्या गाड्या दोन: डॉज डार्ट आणि प्लिमथ बॅराकुडा. इंजिन अर्थातच हेमी.

गाड्या डॉजच्या हॅमट्रॅम्क येथील कारखान्यात अर्ध्यामुर्ध्या घडायच्या आणि तिथून हर्स्ट या कंपनीकडे जायच्या. तिथे त्यांचे जे काही केले गेले ते ऐकण्यासारखे आहे. पुढचे पंखे आणि बॉनेट फायबरग्लासचे. दारे तेजाबात बुडवून त्यांचा पत्रा पातळ केलेला. काचा नेहमीपेक्षा पातळ, आणि त्या खालीवर करायचे यंत्रही काढून टाकलेले. काच वर घ्यायची तर पट्टा ओढून घ्यायची. मागची बैठक नाही. रेडिओ नाही, हीटर नाही. पुढच्या दोन खुर्च्या कंपनीच्या मालवाहू व्हॅनमधल्या, कारण त्या हलक्या. बॅटरी पुढून काढून मागच्या डिकीत, म्हणजे मागच्या चाकावर भार पडावा आणि ते घसरू नये. अवजड इंजिन मावावे म्हणून आतला पत्रा बदलून जागा केलेली. कागदावर शक्ती लिहिली ४२५ अश्वशक्ती; जाणकार ती ५०० च्या वर धरतात. डार्ट सुमारे ८० झाल्या, बॅराकुडा सुमारे ७०.

आणि आता सर्वांत गमतीची गोष्ट. या गाड्यांना रंग दिलेला नव्हता! अंगाला राखाडी अस्तर, पुढचे फायबरग्लासचे भाग काळे, आणि बस्स. कारखान्याचा हिशेब सरळ होता. घेणारा शर्यतवाला, तो आपल्या आवडीचा रंग देईल, दारावर आपले नाव आणि पैसे पुरविणाऱ्या दुकानदाराचे नाव रंगवून घेईल. मग आपण रंगाचा खर्च कशाला करा? गाडीत एक चिठ्ठीही चिकटवलेली असे. तिचा मथितार्थ असा, की ही गाडी रस्त्यावर वापरण्यासाठी नाही, आहे तशी घ्या, आम्ही कसलीही हमी देत नाही. कारखान्याने स्वतःच्या मालाविषयी इतके खरे बोलावे, हे एरवी क्वचितच घडते.

पुढे काय झाले? जे शर्यतीच्या वस्तूंचे होते तेच. इंजिने फुटली, बदलली. दारे ठोकरली, नवी लागली. चाके मोठी हवीत म्हणून मागचे पंखे कापले गेले. एका मालकाकडून दुसऱ्याकडे, निळ्या रंगावर लाल, लालावर पांढरा. नियम बदलले तशी गाडी बदलली. इकडे १९७० साली अमेरिकेत हवा शुद्ध राखण्याचा कायदा कडक झाला, विम्याचे हप्ते वाढले. १९७१ साली हेमी इंजिनाचे उत्पादन थांबले आणि १९७३ च्या तेलटंचाईने पहिलवान गाड्यांचा तो जमानाच संपला. कितीतरी गाड्या कोपऱ्यात पडून गंजल्या. तेव्हा त्यांना कुणी विचारीत नव्हते.

मग वीस-पंचवीस वर्षांनी नवी पिढी कर्ती झाली. लहानपणी ज्या गाड्या पाहून डोळे विस्फारले होते त्या विकत घेण्याइतका पैसा तिच्या हाती आला. गाड्या शोधल्या गेल्या, उघडल्या गेल्या, घासूनपुसून नव्या केल्या गेल्या. पत्रा नवा, काचा नव्या, खुर्च्या नव्या, आणि वर आरशासारखा चकचकीत रंग. लोक वाहवा करू लागले. किंमतही चढली. किंमत चढली तशी लबाडीही आली. साधी डार्ट घ्यायची, तिच्यात हेमी इंजिन बसवायचे आणि अस्सल म्हणून पुढे करायची. आता जाणकार आधी गाडीवर ठोकलेला क्रमांक पाहतात. अस्सल हेमी डार्टचा क्रमांक ‘एलओ २३ एम ८ बी’ या खुणांनी सुरू होतो. त्यातली पहिली खूण डार्टची, दुसरी सुपर स्टॉकची, ‘एम’ खास इंजिनाची, ‘८’ हे १९६८ सालाचे आणि ‘बी’ ही हॅमट्रॅम्क कारखान्याची.

इथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तोच या सगळ्या हकिकतीचा गाभा आहे. जी गाडी रंगाविना विकली गेली, तिला आरशासारखा रंग देऊन आपण तिला ‘पूर्ववत’ केली असे म्हणायचे का? पूर्ववत म्हणजे कधीसारखी? तेजाबाने पातळ झालेल्या दाराच्या जागी नवे जाड दार बसविले, तर दिसायला दार तेच. पण हाताला जो इतिहास लागत होता तो गेला. पट्ट्याने ओढायची काच काढून तिथे सुखाने फिरवायचे हँडल बसविले, तर गाडी सोयीची झाली खरी, पण १९६८ सालच्या कारागिराने अर्धा शेर वजनासाठी केलेली धडपड पुसली गेली.

आपल्या भंडाऱ्याची पितळेची भांडी प्रसिद्ध आहेत. घरात एखादा जुना गुंड असतो, त्यावर पणजीचे नाव ठोकलेले असते. तो दर सणाला इतका घासायचा, इतका घासायचा, की एक दिवस भांडे सोन्यासारखे चमकते आणि नाव मात्र उरत नाही. आता ते भांडे चांगले झाले, की वाईट?

हेमी डार्टचा कारखान्यात जन्म होऊन वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच, १९६९-७० साली, आसगावजवळच्या पवनीत नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली जगन्नाथ टेकडीत प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. उत्खनन करणारा माणूस मातीचे थर कसे पाहतो, ठाऊक आहे ना? वरचा थर अलीकडचा, खालचा आधीचा. एकही थर घाईने खरवडला, तर त्या थराची साक्ष कायमची गेली. न दुरुस्त केलेल्या शर्यतीच्या गाडीचे अंगही असेच थरांचे असते. टवका उडालेल्या ठिकाणी भिंग धरा. सर्वांत खाली कारखान्याचे राखाडी अस्तर, त्यावर पहिल्या मालकाचा रंग, त्यावर दुसऱ्याचा; पुसट झालेले एखाद्या दुकानाचे नाव; आणि मागच्या पंख्यावर मोठ्या चाकासाठी मारलेला कात्रीचा घाव. कोण कधी धावले, कोण हरले, कुणी पैसे लावले, सारे तिथे लिहिलेले असते.

हे आता अमेरिकेतल्या जाणत्या मंडळींनाही पटले आहे. १९३५ साली स्थापन झालेल्या ‘अँटिक ऑटोमोबाईल क्लब ऑफ अमेरिका’ या संस्थेने न सजविलेल्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी प्रदर्शनात वेगळा वर्ग ठेवला आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१३ साली ट्युरिन सनद अमलात आणली. जुने वाहन जपणे आणि जुने वाहन नवे करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असा भेद त्या सनदेत केला आहे. चकाकीला बक्षीस देणाऱ्यांनी गंजाकडेही आदराने पाहावे, हा काळाचा मोठा फेर म्हणायचा.

पण दुसरी बाजूही ऐका. गंज काही कुणाचा सोयरा नाही. तो जुन्या वस्तूला जपत नाही, खातो. फाटलेली नळी बदलली नाही तर गाडीला आग लागेल. ब्रेक दुरुस्त केले नाहीत तर माणूस मरेल. शिवाय जी गाडी धावण्यासाठी जन्मली ती काचेच्या पेटीत ठेवणे हाही तिच्यावर एक प्रकारचा अन्यायच. आणि जी गाडी पार मोडून गेली आहे तिला हुशार कारागिराने पुन्हा उभी केली, तर त्याचे हात धरून आभार मानावेत. तेव्हा दुरुस्ती करूच नये, असे माझे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच, की हात लावण्यापूर्वी वाचावे. जे टिकवता येईल ते टिकवावे, जे बदलावे लागेल ते बदलावे, आणि काय बदलले ते लिहून ठेवावे. नवा भाग जुना म्हणून मिरवू नये.

आता पुन्हा आपल्या दारात येऊ. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. बैलांच्या हालअपेष्टांचा प्रश्न त्यामागे होता आणि तो खोटा नव्हता. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. पुढे १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ते कायदे ग्राह्य धरले. या साडेसात वर्षांच्या काळात पटाला काम नव्हते. बैल पाळणाऱ्याने बैल नांगराला जुंपले किंवा विकले, आणि छकडा? ज्याला ओझे वाहता येत नाही, ज्यात माणसे बसत नाहीत, त्याचा पट बंद झाल्यावर उपयोग काय? अशा वस्तूला वाळवी लागते, नाहीतर ती चुलीत जाते. घर काही मुद्दाम इतिहास जाळीत नाही. त्या दिवशी घरात सरपण नसते, इतकेच.

म्हणून तुमच्या घराच्या, कोठ्याच्या आडोशाला एखादा जुना छकडा उभा असेल, तर या हंगामात एकदा त्याच्याजवळ जा. त्याला ऑइलपेंटचा भडक हात देण्यापूर्वी नीट पाहा. जुवावर बैलांच्या मानेने झालेली गुळगुळीत खाच दिसेल. आऱ्यांवर सुताराच्या वाकसाचे घाव दिसतील. धुरकऱ्याचे पाय जिथे टेकत ती जागा दिसेल. वाळवी लागली असेल तर औषध घाला, ओल येत असेल तर खाली दगड लावा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून एका वहीत चार ओळी लिहून ठेवा: छकडा कोणत्या सुताराने केला, कोणत्या साली केला, बैलांची नावे काय होती, हाकणारा कोण होता, कोणत्या गावच्या पटात तो धावला. संग्रहालय म्हणजे नागपूरचा अजब बंगलाच असला पाहिजे असे काही नाही.

मिशिगनमधल्या कारागिरांची गाडी रंगाविना निघाली, कारण तिला मिरवायचे नव्हते, पळायचे होते. आमच्या सुतारानेही छकड्याला नक्षी काढली नाही ती त्याच कारणाने. त्यांच्या गाडीचे थर वाचणारे लोक निघाले आहेत. आपल्या छकड्याचे थर वाचू शकेल असा माणूस आज घराघरात आहे, पण तो ऐंशीच्या घरात आहे. तो पटाला गेला की परत येऊन ओट्यावर बसतो. त्याला विचारायला उशीर करू नका.